एम. जी. टी. सी. मोटारीच्या इंजिनातील आटे

दुसरे महायुद्ध संपताच १९४५ मध्ये इंग्लंडातील ॲबिंग्डन येथे एम. जी. टी. सी. ही दोन आसनांची स्पोर्ट्‌स मोटार तयार होऊ लागली व १९४९ पर्यंत अशा सुमारे १०,००० गाड्या बाहेर पडल्या. ॲश लाकडाच्या सांगाड्यावर बसविलेले पत्रे, १९ इंची तारांची चाके, दोन एस. यू. कार्ब्युरेटर आणि ५४ अश्वशक्तीचे इंजिन, असे तिचे स्थूल वर्णन करता येते. सिलिंडरचा व्यास ६६.५ मि.मी., दट्ट्याची धाव ९० मि.मी.; व्हॉल्व्हची फट मात्र ०.०१९ इंच. मापांची अशी सरमिसळ त्या काळच्या ब्रिटिश मोटारींत नवलाची नव्हती. खरा घोटाळा बोल्टांपाशी सुरू होतो.

इंजिनावरील बोल्टाच्या डोक्याला व्हिटवर्थ मापाचा पाना नेमका बसतो. त्यावरून आटेही ब्रिटिशच असावेत असे दुरुस्ती करणारा गृहीत धरतो आणि फसतो. आटे मेट्रिक आहेत. याचे कारण १९१५ पर्यंत मागे जाते. हॉचकिस या फ्रेंच कंपनीने त्या युद्धकाळात कॉव्हेंट्री येथे मशीनगनांचा कारखाना काढला. युद्धानंतर तेथे मॉरिस मोटारींची इंजिने होऊ लागली व १९२३ मध्ये मॉरिसने तो कारखानाच विकत घेतला. यंत्रसामग्री मेट्रिक आट्यांची होती. ती बदलणे खर्चाचे होते. म्हणून आटे फ्रेंच राहिले आणि डोकी तेवढी ब्रिटिश पान्यांना जुळती केली गेली. (परकी धातूला देशी प्रत्यय लागावा तसाच हा प्रकार होय.)

या इतिहासाचे अज्ञान महागात पडते. इंजिनातील नेहमीचा बोल्ट ८ मि.मी. जाडीचा असून त्याच्या आट्यांतील अंतर १ मि.मी. असते. आज बाजारात सर्रास मिळणाऱ्या ८ मि.मी. बोल्टात ते १.२५ मि.मी. असल्याने तो चालत नाही. त्याहून फसवा ५/१६ इंची सूक्ष्म आट्यांचा, १९४८ च्या ब्रिटिश-अमेरिकी-कॅनेडियन करारातील, बोल्ट होय. त्याची जाडी ७.९४ मि.मी. व आट्यांतील अंतर १.०६ मि.मी. भरते. तो काही फेरे सहज जातो, मग अडतो. आणि पाना दाबून फिरविला की बिडाच्या ठोकळ्यातील मूळ आटे कापले जातात. चासीवरील बोल्टांना मात्र ब्रिटिश सूक्ष्म आटेच आहेत. तेव्हा सुटे केलेले बोल्ट एकाच डब्यात टाकणे हीच या गाडीच्या दुरुस्तीतील पहिली चूक ठरते.