वाऱ्यावाचून चालणारे जहाज

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात 'आज्ञापत्र' शिकवले जाते ते बहुधा जुन्या गद्यशैलीचा नमुना म्हणून, नाहीतर शिवकालीन राजनीतीचा आरसा म्हणून. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या, सुमारे १७१५-१६ सालच्या या ग्रंथातील आरमाराचे प्रकरण त्यामुळे दोन-चार गौरवपर वाक्यांपुरते उरते. हे प्रकरण जहाजाच्या आराखड्यामागचा विचार म्हणून वाचावे, असे आम्ही येथे सुचवू इच्छितो. त्यासाठी थोडे पुढे, वाफेच्या टर्बाइनच्या आरंभकाळात जाऊन, एक काल्पनिक जहाज आखून पाहू.

साल १९०५ धरू. आपल्याला एक वेगवान टेहळणी जहाज हवे आहे. त्याने ताफ्याच्या बरेच पुढे जायचे, शत्रू कोठे आहे, किती आहे व कोणत्या दिशेने चालला आहे हे पाहायचे आणि बातमी घेऊन जिवंत परतायचे. १८९७ साली राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवात, स्पिटहेड येथील नौदल-संचलनात, चार्ल्स पार्सन्सची 'टर्बिनिया' ही छोटी नौका सुमारे ३४ नॉट वेगाने धावली आणि दट्ट्याच्या इंजिनाचे दिवस भरल्याचे जाणकारांना कळले. मग आपल्या जहाजाला टर्बाइन बसवले की काम झाले, असे वाटेल.

तसे होत नाही. पाणी वेगाची किंमत चढ्या भावाने वसूल करते. ढोबळ नियम असा की, लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २५ नॉटचे ३० नॉट करायचे, तर इंजिनाची शक्ती जवळजवळ पावणेदोनपट हवी. शक्ती वाढली की बॉयलर वाढतात, कोळसा वाढतो, जहाज मोठे होते. आणि मोठे जहाज ढकलायला पुन्हा अधिक शक्ती लागते. हे चक्र थांबवायचे तर काहीतरी सोडावे लागते : तोफा, चिलखत किंवा कोळसा. शिवाय त्या काळचे टर्बाइन थेट पंख्याच्या दांड्याला जोडलेले असे. भरवेगात ते काटकसरी, पण संथ चालीत कोळसा खाणारे. टेहळणी जहाजाचा बहुतेक काळ तर संथ गस्तीतच जातो. म्हणजे पळताना जे यंत्र तारणार, तेच गस्तीत उपाशी मारणार.

हा पेच कल्पनेतला नाही. ब्रिटिश नौदलाने १९०४-०५ च्या सुमारास २५ नॉट वेगाची आठ टेहळणी जहाजे बांधली, तीही दट्ट्याच्या इंजिनांची. वेगापायी त्यांच्या तोफा हलक्या राहिल्या आणि कोळसा अपुरा पडला. अमेरिकेने १९०८ मध्ये 'चेस्टर', 'सेलम' आणि 'बर्मिंगहॅम' ही तीन सारखी जहाजे दाखल केली. पहिल्यात पार्सन्सचे टर्बाइन, दुसऱ्यात कर्टिसचे, तिसऱ्यात जुने दट्ट्याचे इंजिन. कोणते बरे, हे समुद्रालाच विचारायचे ठरले होते.

आता आज्ञापत्राकडे वळू. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात, गलबतेही तशीच. वाऱ्यावाचून न चालणारी थोर जहाजे बांधण्याचे कारण नाही. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा. वाऱ्याच्या बळावर शत्रू अंगावर आला, तर झुंजत झुंजत आपल्या किल्ल्याच्या आश्रयाला यावे, पण जहाज आणि माणसे गमावू नयेत. हे सारे विधान एका कसोटीवर उभे आहे : जहाज आपल्या इच्छेने हलू शकते का? गलबताला शीड होते आणि चाळीस-पन्नास वल्हीही होती. वारा पडला की युरोपीय जहाज जागीच खिळे. गलबत मात्र चाले, गुराबेलाही ओढून नेई. येथे वल्ही म्हणजे पदरचे इंजिन होते. हलक्या तोफा ही त्याची किंमत होती आणि ती समजून-उमजून मोजलेली होती.

लेखक तेथेच थांबत नाही. आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर लादला तर व्यापार बुडेल, म्हणून तो मुलखाच्या उत्पन्नातून नेमावा. सागवान परवानगीने तोडावे, आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. जहाजाचा विचार असा रानापर्यंत आणि रयतेपर्यंत जातो. १९०५ च्या आराखडेकाराला कोळशाची ठाणी मोजावी लागली, ती याच जातीची मोजणी.

यावरून अमात्यांना आधुनिक नौकाशास्त्र अवगत होते, असा दावा आम्ही करणार नाही. या नीतीची मर्यादाही इतिहासाने दाखवली आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा किल्ल्याच्या आश्रयाला उभे असलेले तुळाजी आंग्र्यांचे आरमार एकत्रच जळाले. पेशवे त्या वेळी इंग्रजांच्या बाजूने होते. किल्ल्याचा आसरा हा सापळाही ठरू शकतो.

आमच्या नागपुरात आरमाराचा विचार दूरचा वाटतो. भोसल्यांकडे १७५१ पासून १८०३ पर्यंत ओडिशा होता, पण त्या राज्याची आठवण निघते ती घोडदळाची. तरीही या प्रकरणाचा प्रश्न कोकणापुरता नाही. तंत्राचा विचार इंग्रजीत करायचा आणि मराठीत फक्त अभिमान बाळगायचा, अशी वाटणी आपल्या विद्यार्थ्यांनी जवळजवळ मान्य केली आहे. आज्ञापत्रातील हे गद्य त्या वाटणीला नकार देते. त्यात प्रत्येक आज्ञेमागे कारण येते, आणि कारण देताना भाषा अडखळत नाही. परीक्षेत 'आरमारविषयक विचार स्पष्ट करा' असे विचारण्याऐवजी 'गुराब मध्यमच का?' असे विचारावे. उत्तर पाठांतराने येणार नाही.

'बर्मिंगहॅम'ची पुढची हकीकत सांगायची राहिली. १४ नोव्हेंबर १९१० रोजी यूजीन एली याने तिच्यावर बांधलेल्या फळ्यांच्या उतारावरून विमान उडवले. जहाजावरून झालेले ते पहिले उड्डाण. समुद्रावरची टेहळणी पुढे विमानाकडे गेली. ज्या जहाजांचा वेग वाढवण्यासाठी एवढी गणिते मांडली गेली, त्यांपैकीच एकाच्या पाठीवरून त्यांचा वारसदार उडाला.