मिनीची पकड: काटकसरीची कमाई

१९५९ साली आलेली ब्रिटिश मिनी वळणावर रस्ता सोडत नसे, याचं श्रेय तिच्या शर्यतींच्या कीर्तीला दिलं जातं. मला ते उलटं वाटतं. १९५६च्या सुएझ पेचानंतर ब्रिटनमध्ये पेट्रोल मोजून मिळू लागलं, आणि छोटी, कमी पिणारी गाडी हवी झाली. तेव्हा मिनीचे आरेखक अ‍ॅलेक इसिगोनिस यांच्यापुढे प्रश्न होता जागेचा: दहा फुटांत चार माणसं बसवायची. म्हणून इंजिन आडवं, चाकं जेमतेम दहा इंची आणि तीही गाडीच्या अगदी कोपऱ्यांत. स्प्रिंगांऐवजी अभियंते अ‍ॅलेक्स मोल्टन यांचे रबरी शंकू. परिणामी गाडी ठेंगणी राहिली, कमी झुकली आणि स्टिअरिंगला तत्काळ उत्तर देऊ लागली. (पाठीच्या मणक्यांनी किंमत मोजली, ती वेगळी.)

कोणी म्हणेल, १९६४, १९६५ आणि १९६७ची माँटे कार्लो रॅली मिनीने काय योगायोगाने जिंकली? नाही, पण शर्यतीच्या गाड्या बनवणारे जॉन कूपर यांची जोरकस आवृत्ती १९६१ची, म्हणजे मूळ आराखड्यानंतरची. कूपरनी गुण ओळखला, घडवला नव्हता. १९६४मध्ये द्रवावर चालणारं मऊ सस्पेन्शन आलं, तेही टिकलं नाही. २००० साली उत्पादन थांबलं तेव्हा मिनी रबरी शंकूंवरच उभी होती.