निन्ह थुआन

निन्ह थुआन : व्हिएतनामच्या दक्षिण-मध्य किनाऱ्यावरील एक भूतपूर्व प्रांत. क्षेत्रफळ सुमारे ३,३५८ चौ. किमी. लोकसंख्या सुमारे ५ लाख ९० हजार (२०१९). राजधानी फान रांग–थाप चाम. उत्तरेस खान्ह होआ, पश्चिमेस लाम डोंग, दक्षिणेस बिन्ह थुआन व पूर्वेस दक्षिण चिनी समुद्र. १ जुलै २०२५ पासून हा प्रांत खान्ह होआमध्ये विलीन झाला असून नव्या प्रांताचे मुख्यालय न्हा त्रांग येथे आहे. यापूर्वीही १९७६ ते १९९२ या काळात तो थुआन हाय या मोठ्या प्रांताचा भाग होता.

तीन बाजूंच्या डोंगरांमुळे पाऊस अडतो. किनारपट्टीवर वर्षाला जेमतेम ७०० ते ८०० मिमी. पाऊस पडतो व तोही मुख्यतः सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांत. देशातील हा सर्वांत कोरडा भाग होय. काय (दिन्ह) ही प्रमुख नदी. तिच्यावरील न्हा त्रिन्ह व लाम काम या जुन्या बंधाऱ्यांचे श्रेय परंपरा प्राचीन चंपा देशाच्या चाम राजांना देते. ईशान्येकडील नुई चुआ राष्ट्रीय उद्यानात काटेरी शुष्क वने आहेत. तेथील किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालतात. युनेस्कोने २०२१ मध्ये या परिसराला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला.

इतिहास : चंपा देशाचा पांडुरंग हा दक्षिण विभाग येथे होता व फान रांग हे नाव त्यावरूनच आले. येथील राजलेख प्रामुख्याने शैव असून पंढरपूरच्या दैवताशी नामसाम्यापलीकडे संबंध दाखवता येत नाही. लेखांतील कालगणना मात्र आपल्या पंचांगातील शकाचीच आहे. यांग तिकुह येथील संस्कृत शिलालेखानुसार शके ७०९ (इ. स. ७८७) मध्ये जावाच्या आरमाराने भद्राधिपतीश्वराचे देवालय जाळले. हा लेख इंद्रवर्मा पहिला याचा असून तो शके ७२१ चा आहे. ‘जावा’ म्हणजे नेमका कोणता प्रदेश, याविषयी मतभेद आहेत. १४७१ मध्ये उत्तरेकडील ‘विजय’ हे चाम नगर पडल्यावरही पांडुरंगचे चाम राज्य टिकून राहिले. पुढे ते व्हिएतनामी न्गुयेन सत्तेचे मांडलिक झाले आणि १८३२ मध्ये सम्राट मिन्ह मांग याने ते खालसा केले. दक्षिण व्हिएतनामचे राष्ट्राध्यक्ष न्गुयेन व्हान थिएउ याच प्रांतातले.

वास्तू : होआ लाई येथील विटांची मंदिरे नवव्या शतकाच्या सुमाराची, तीनपैकी दोन उभी आहेत. थाप चाम रेल्वे स्थानकाजवळच्या टेकडीवरील पो क्लाँग गराई हा मंदिरसमूह सर्वांत महत्त्वाचा. मुख्य गर्भगृह (कलन), प्रवेशद्वाराचा मनोरा आणि होडीसारख्या छपराचे अग्निगृह अशा तीन वास्तू शाबूत आहेत. कलनाच्या दारावर षड्भुज नृत्यशिव असून द्वारशाखांवर चाम भाषेतील लेख कोरलेले आहेत. आत मुखलिंग व नंदी आहेत. जयसिंहवर्मा तिसरा (व्हिएतनामी परंपरेतील चे मान) याने येथील लिंगाला आपले नाव देऊन जमिनी, दास व हत्ती अर्पण केल्याचे हे लेख सांगतात. चाम बखरींतील पो क्लाँग गराई हा राजा मात्र त्याच्या बराच आधीचा आहे. तेव्हा दोघांना एकच मानणे अवघड जाते. पो रोमे हे सतराव्या शतकातील मंदिर या बांधकाम परंपरेच्या अखेरच्या टप्प्यातले.

समाज : बहुसंख्य लोक किन्ह (व्हिएत) असून चाम व डोंगराळ भागातील राग्लाई हे प्रत्येकी लोकसंख्येच्या दशांशाहून थोडे अधिक आहेत. चामांचे दोन पंथ : हिंदू वळणाचे बालामोन (अहिएर) व स्थानिक वळणाचा इस्लाम पाळणारे बानी (अवल). पहिले गोमांस टाळतात, दुसरे डुकराचे मांस. कुळ आईकडून चालते व वारसा मुलीकडे जातो. अहिएर दहनानंतर कपाळाच्या हाडाचे नऊ तुकडे डबीत जपून पुढे मातृकुळाच्या ‘कुत’ या स्मशानात पुरतात. चाम पंचांगाच्या सातव्या महिन्यातील काटे हा मुख्य उत्सव. देवाची वस्त्रे राग्लाई लोकांकडे असतात. ते ती डोंगरातून घेऊन येतात, मग मंदिराचे दार उघडून मूर्तीला स्नान घातले जाते व वस्त्रे नेसवली जातात. साथीला गिनांग ढोल आणि सनईच्या जातीचे सरनाई असते.

बाउ त्रुक गावात स्त्रिया चाकाशिवाय मडकी घडवतात. मडके स्थिर राहते व घडवणारी त्याभोवती फिरते. भट्टी नसतेच, उघड्यावर लाकूड व पेंढा रचून भाजणी होते. ही कला २०२२ मध्ये युनेस्कोच्या तातडीच्या संरक्षणाच्या यादीत आली. मी न्गिएप हे विणकरांचे गाव.

आर्थिक स्थिती : द्राक्षे, बोरे, लसूण, मेंढ्या-शेळ्या, मासेमारी. का ना येथे मिठागरे आहेत. ऊन व वारा भरपूर असल्याने सौर व पवन वीजप्रकल्प वाढले आहेत. दोन अणुवीज केंद्रांना २००९ मध्ये मंजुरी मिळाली, २०१६ मध्ये ती रद्द झाली व २०२४ मध्ये योजना पुन्हा हाती घेण्यात आली.

वाहतूक : हानोई–सायगाव लोहमार्ग व राष्ट्रीय महामार्ग क्र. १ येथून जातात. थाप चाम–दा लात हा सुमारे ८४ किमी. लांबीचा दंतुर पट्टीचा घाटमार्ग फ्रेंचांनी १९३२ मध्ये पूर्ण केला. व्हिएतनाम युद्धाच्या काळात तो बंद पडला. त्याची काही वाफेची इंजिने १९९० मध्ये स्वित्झर्लंडच्या फुर्का मार्गावरील हौशी मंडळींनी विकत नेली. त्यांपैकी काही मुळात तेथूनच १९४७ मध्ये आली होती. थान्ह सोन येथे लष्करी विमानतळ आहे.