एचआयव्हीबाधितांचा फुफ्फुसाचा क्षय : छातीच्या फोटोतील स्वरूप

एचआयव्हीबाधित व्यक्तीचा फुफ्फुसाचा क्षय एक्स-रेवर कसा दिसेल, हे जंतूंइतकेच तिच्या प्रतिकारशक्तीवर ठरते. ही शक्ती रक्तातील सीडी४ पेशींच्या संख्येवरून (दर घनमिलिमीटरला) जोखतात. संख्या ३५० च्या वर असेल तर चित्र नेहमीचेच असते : फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग आणि पोकळ्या.

संख्या २०० च्या खाली गेली की चित्र पालटते. डाग मधल्या किंवा खालच्या भागात उतरतात व साध्या न्यूमोनियासारखे भासतात. पोकळ्या क्वचितच दिसतात. फुफ्फुसाच्या मुळाशी आणि श्वासनलिकेलगत लसिका ग्रंथी सुजतात. डाय देऊन केलेल्या सीटी स्कॅनमध्ये त्यांची कड उजळ आणि गाभा काळसर दिसतो, कारण आतला भाग मृत झालेला असतो. छातीत पाणी साठते. कधी दोन्ही फुफ्फुसांभर राळ्याच्या दाण्यांएवढे ठिपके पसरतात. या फरकाचे कारण असे की पोकळी जंतू एकटा पाडत नाही. त्याच्याशी झुंजणाऱ्या पेशींच्या माऱ्यात फुफ्फुसाचा भाग सडतो, तेव्हा ती पडते. झुंजच मंदावली तर पोकळीही पडत नाही आणि जंतू मोकाट पसरतो.

प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या काही रुग्णांचा फोटो तर चक्क स्वच्छ येतो. हीच सर्वांत घातक फसगत. ठाण्यातील बाळकुमचा एखादा रुग्ण खाडीपलीकडे कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात जावो की जवळच्या खासगी दवाखान्यात, ‘फोटोत काही नाही’ एवढ्यावर त्याला घरी पाठवणे चूक आहे. खोकला, ताप, घटते वजन, रात्रीचा घाम यांपैकी एक लक्षण असले तरी बेडक्याची जनुकीय तपासणी (सीबीनॅट किंवा गोव्यातील कंपनीने विकसित केलेली ट्रूनॅट) व्हायलाच हवी. पोकळी नसलेल्यांच्या बेडक्यात जंतू कमी असतात, म्हणून नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली ते अनेकदा सापडत नाहीत.

सरकारी केंद्रांतून एचआयव्हीविरोधी औषधे (एआरटी) २००४ पासून मोफत मिळू लागली; मुंबईचे जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक. ही औषधे सुरू झाल्यावर, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, काहींचा ताप उलटतो, ग्रंथी वाढतात, फोटो आधीपेक्षा वाईट दिसतो. सावरलेली प्रतिकारशक्ती जंतूंवर तुटून पडल्याने हे घडते. अशा वेळी रुग्णाने घाबरून गोळ्या सोडू नयेत. मात्र क्षय औषधांना दाद देत नसल्याची शक्यता डॉक्टरांनी तपासून पाहावी लागते.