हिंगोली परिसरातील फिरते लाकूडकाम

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात आरागिरण्या येण्यापूर्वी लाकूड चिरणारेच लाकडाजवळ जात. मराठवाड्यातील माळवदाच्या घरांना तुळया, खांब व किलचन लागे. गाडी, वखर आणि तिफणीसाठी बाभूळ लागे. अवजड ओंडका वाहून नेण्यापेक्षा तो पडल्या जागीच चिरणे सोयीचे होते.

ओंडका खड्ड्यावर किंवा उंच घोडीवर आडवा ठेवत. काव लावलेले सूत ताणून त्यावर सरळ रेघ उमटवत. एक कारागीर ओंडक्यावर उभा राहून करवत रेघेवर राखी; दुसरा खालून ओढी आणि त्याच्या डोळ्यांत भुसा पडे. काप पुढे सरकला की त्यात पाचर ठोकत, म्हणजे पाते अडकत नसे. दात बोथट झाले की कानशीने धार लावावी लागे.

पुढे इंजिन व विजेवरील पट्टाकरवतीने हे काम एका जागी आणले. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याने साग, आंबा, चिंच अशा अनुसूचित झाडांच्या तोडीला परवानगी सक्तीची केली. आरागिरणीलाही वनखात्याचा परवाना लागतो. यंत्राचा वेग आणि सिमेंट-लोखंडाची घरे यांमुळे दोघांनी ओढायची करवत मागे पडली.