भाताच्या दाण्यांतील जस्त

बंगालमध्यें १९४३ सालच्या दुष्काळांत लक्षावधि माणसें अन्नावांचून गेलीं. त्या प्रांताच्या पूर्व भागांत, म्हणजे आजच्या बांगलादेशांत, पुढें भाताचें पीक वाढलें, पोटें भरूं लागलीं. पण पुष्कळ मुलांची वाढ खुंटलेलीच राहिली. त्रिकाळ भात आणि त्यांत जस्त अत्यल्प, हें त्याचें एक कारण होय. जस्तावांचून शरीर खुरटतें, हगवण बळावते.

तेव्हां हें द्रव्य दाण्यांतच उतरवावें, असा विचार पुढें आला. गाझीपूरच्या भात संशोधन संस्थेनें २०१३ सालीं 'ब्रि धान ६२' हें वाण शेतकऱ्यांच्या हातीं दिलें. जस्तसमृद्ध भाताचें जगांतील हें पहिलें वाण. जस्त डोळ्यांस दिसत नाहीं. परंतु पीक सुमारें शंभर दिवसांत पिकतें आणि त्याच शेतांत हिंवाळी डाळीस अवधि मिळतो, हा लाभ शेतकऱ्यास दिसतो.

तथापि २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका चांचणींत, कित्येक महिने जस्तसमृद्ध भात खाऊनहि मुलांच्या रक्तांतील जस्त वाढलेलें आढळलें नाहीं. एकट्या दाण्यावर सारा भार टाकून भागत नाहीं, हाच त्याचा बोध. लवकर मोकळ्या झालेल्या शेतांतील डाळ घरच्या मुलाच्या पानांत पडेल, तेव्हांच त्या वाणाचें सार्थक होईल.