थायरॉईड, पीसीओएस किंवा गरोदरपण असेल तर चहा-कॉफी किती चालते? आणि कधी?

थायरॉईड निघालं की चहा बंद, पीसीओएस असेल तर कॉफीला हात लावायचा नाही, उपाशीपोटी चहा घेतला की हॉर्मोन बिघडलेच. अशा अर्थाचे रील्स आणि फॉरवर्ड तुमच्याही फोनवर येऊन गेले असतील. आता हा सल्ला बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळ्यासारख्या गावात पाळायचा म्हणजे काय, याचा विचार करा. सकाळी गॅस पेटतो तोच चहासाठी. मलकापूर किंवा बुलढाण्याच्या बसची वाट बघताना टपरीवर एक होतो, शेतात दुपारी एक, आणि संध्याकाळी कुणी दारात आलं की त्यांच्यासोबत आणखी एक. "मला नको" म्हणणाऱ्या बाईला आधी "बरं नाही का?" असंच विचारलं जातं.

आधी थोडक्यात उत्तर. थायरॉईड कमी असलेल्या किंवा पीसीओएस असलेल्या व्यक्तीसाठी कॅफीनची वेगळी, कमी मर्यादा कुठल्याही मोठ्या आरोग्य संस्थेने ठरवलेली नाही. इतर निरोगी प्रौढांना लागू होते तीच मर्यादा त्यांनाही लागू. कमी घ्यायला हवं ते गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, थायरॉईड जास्त असलेल्यांनी आणि काही प्रमाणात पाळी जाण्याच्या वयातल्यांनी. थायरॉईडची गोळी चालू असेल तर मात्र कपांच्या संख्येपेक्षा घड्याळ जास्त महत्त्वाचं आहे. रील्समध्ये नेमकं हेच सांगितलं जात नाही.

एका कपात किती कॅफीन?

आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यातले आकडे १५० मिलिलिटरच्या कपाचे आहेत. चहामध्ये ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि फिल्टर कॉफीत ८० ते १२०. दिवसाची कमाल मर्यादा ३०० मिलिग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी ४०० मिलिग्रॅमपर्यंत हरकत नाही असं म्हटलं होतं. आपला आकडा त्याहून कमी आहे आणि आपण तोच धरू.

आता आपला कप मोजू. टपरीवरचा कागदी कप साधारण ८० मिलिलिटरचा धरला तर त्यात १५ ते ३५ मिलिग्रॅम कॅफीन येतं. घरातला कपबशीतला चहा १२० मिलिलिटर धरला तर २५ ते ५० च्या आसपास. म्हणजे घरचे सहा कप झाले आणि चहा कडक असेल, तर तुम्ही ३०० ला टेकलात. साधा, दूध जास्त असलेला चहा असेल तर दीडशेवरच थांबलात. पावडर किती टाकली आणि किती वेळ उकळला यावर बरंच अवलंबून असतं. त्यामुळे हा हिशोब अंदाजाचाच, पण दिवसाला तीन-चार कप घेणारी बहुतेक माणसं मर्यादेच्या आत असतात हे त्यातून नक्की दिसतं.

ग्रीन टीमध्ये कॅफीन नसतं हा समज चुकीचा आहे. ती त्याच झाडाची पानं. 'हॉर्मोन बॅलन्स'च्या नावाने विकल्या जाणाऱ्या चहाच्या पाकिटात ग्रीन टी असेल तर कॅफीनही आलंच.

थायरॉईडची गोळी आणि पहिला चहा

थायरॉईड कमी असलेल्यांना लेव्होथायरॉक्सिन दिलं जातं. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन या नावांनी मिळणारी, बाटलीतली ती बारीक गोळी. तिचा डोस मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे मिलिग्रॅमचाही हजारावा भाग. २५ वरून ५० केला तरी डॉक्टरांच्या लेखी तो मोठा बदल असतो. इतक्या कमी औषधातलं थोडं जरी आतड्यातून रक्तात गेलं नाही, तरी रिपोर्टमध्ये फरक दिसतो.

आणि चहा-कॉफी नेमकी तिथेच आड येते. इटलीतल्या संशोधकांनी २००८ मध्ये 'थायरॉईड' या वैद्यकीय नियतकालिकात काही रुग्णांची माहिती मांडली. गोळी नियमित घेऊनही त्यांचा टीएसएच हवा तसा खाली येत नव्हता. हे लोक गोळी कॉफीसोबत किंवा तिच्या मागोमाग कॉफी पिऊन घेत होते. गोळी पाण्याबरोबर घेऊन कॉफी तासाभराने प्यायल्यावर औषध नीट शोषलं जाऊ लागलं.

तो अभ्यास कॉफीचा होता, पण आपल्या चहात अडचण दुहेरी आहे. त्यात दूध असतं आणि दुधातलं कॅल्शियमही या गोळीला शोषू देत नाही. शिवाय चहासोबत बिस्कीट, टोस्ट किंवा रात्रीची पोळी असतेच. म्हणून डॉक्टर सांगतात ती पद्धत अशी: सकाळी उपाशीपोटी, फक्त पाण्याबरोबर गोळी, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काहीच नाही. शक्यतो पूर्ण तास थांबा. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्यांमध्ये तर चार तासांचं अंतर हवं.

आता हे घडत कसं नाही ते बघा. ज्या बाईला पहाटे उठून स्वयंपाक, डबे आणि पाणी भरणं उरकून वेचणीला किंवा निंदणीला जायचंय, तिच्याकडे गोळीनंतर बसायला तास नसतो. मग गोळी चहासोबतच पोटात जाते. सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा जास्त येतो आणि डोस वाढवला जातो. दरम्यान थकवा, वाढणारं वजन, पुढेमागे होणारी पाळी हे सगळं तसंच चालू राहतं. त्यात हॉर्मोनचे तज्ज्ञ बहुतेक मोठ्या शहरांत बसतात. मोताळ्याहून राजूरचा घाट चढून बुलढाण्याला जा, नाहीतर मलकापूरला जाऊन रेल्वे पकडा. दिवसाची मजुरी बुडते, तपासणीचे पैसे जातात ते वेगळेच. चहाची वेळ विचारली असती तर कदाचित यातली एक फेरी वाचली असती.

यावर सोपा उपाय म्हणजे गोळीची बाटली आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवणं. डोळे उघडले की गोळी घ्यायची आणि मग अंघोळ, झाडलोट, जे काही असेल ते. चहा ठेवेपर्यंत तास आपोआप सरतो. दुसरा पर्याय रात्री झोपताना घेण्याचा, पण त्यासाठी शेवटच्या घासानंतर किमान तीन तास जायला हवेत. आठला जेवून साडेनऊला झोपणाऱ्या घरात ते जमणं अवघडच. वेळ बदलायची असेल तर डॉक्टरांना सांगून बदला. आधी चुकीच्या वेळी घेत असताना डोस वाढवलेला असेल, तर वेळ सुधारल्यावर तोच डोस जास्त होऊ शकतो. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप न येणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी टीएसएच पुन्हा तपासून घ्यायला हवा.

ज्यांचं थायरॉईड मुळातच जास्त आहे त्यांचं गणित उलटं. त्यांच्या शरीरात धडधड, घाम आणि अस्वस्थता आधीच असते आणि कॅफीन त्यात भर घालतं. औषधाने थायरॉईड आटोक्यात येईपर्यंत दिवसाला एखादा हलका कप किंवा तोही नको, हे बरं.

पीसीओएस: कॅफीन की साखर?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधल्या अंदाजानुसार प्रजननवयातल्या ८ ते १३ टक्के महिलांना पीसीओएस होता. चहामुळे पीसीओएस होतो, असा पुरावा नाही. कॅफीन इस्ट्रोजेनची पातळी बदलतं का, यावर अमेरिकेत १८ ते ४४ वयाच्या २५९ महिलांचा अभ्यास झाला होता आणि तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला २०० मिलिग्रॅम किंवा जास्त कॅफीन घेणाऱ्या आशियाई वंशाच्या महिलांमध्ये इस्ट्रोजेन थोडं जास्त दिसलं, पण बीज बाहेर पडण्यावर परिणाम दिसला नाही. 'आशियाई' हा शब्द पाहून घाबरण्याचं कारण नाही. एवढ्या लहान अभ्यासातला आशियाई गट त्याहूनही लहान होता.

पीसीओएसमध्ये चहाचं खरं दुखणं साखर आहे, असं माझं मत. कपात दोन चमचे धरले तर पाच कपांत दहा चमचे, म्हणजे चहातूनच ४० ते ५० ग्रॅम साखर. राष्ट्रीय पोषण संस्था दिवसभराची साखर २० ते २५ ग्रॅमवर ठेवायला सांगते. पीसीओएस असलेल्या अनेक जणींमध्ये शरीर इन्सुलिनला नीट प्रतिसाद देत नाही आणि तिथे ही साखर थेट नडते. गूळ घातला म्हणून हिशोब फारसा बदलत नाही. आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलात तर महिन्याभरात जिभेला सवय होते, आणि चहा सोडण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे.

आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. पाळी नियमित करण्यासाठी अनेकींना इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या दिल्या जातात. एरवी घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. या गोळ्यांवर असताना ते जवळपास दुप्पट होतं. म्हणजे संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफीन पहाटे चारलाही अंगात असू शकतं. गोळ्या सुरू झाल्यापासून झोप उडाली असेल, तर आधी संध्याकाळचा कप बंद करून पाहा.

कॉर्टिसॉलबद्दलही बरंच बोललं जातं. कॅफीनने ते थोड्या वेळासाठी वाढतं हे खरं. पण रोज चहा घेणाऱ्यांत हा परिणाम कमी होत जातो आणि सकाळी कॉर्टिसॉल तसंही नैसर्गिकरीत्या चढलेलं असतं. उपाशीपोटी चहाने पित्त होत असेल तर त्या कारणासाठी टाळा, हॉर्मोनच्या भीतीने नको.

गरोदर असाल तर

इथे मर्यादा स्पष्ट आहे. अमेरिकेतली स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना आणि युरोपची अन्नसुरक्षा संस्था, दोघीही २०० मिलिग्रॅम सांगतात. अंगावर पाजतानाही युरोपच्या संस्थेचा आकडा तोच आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसाला ३०० च्या वर घेणाऱ्या गरोदर महिलांनी प्रमाण कमी करावं, कारण गर्भपात आणि बाळाचं वजन कमी असण्याचा धोका वाढू शकतो. कॅफीन वारेतून बाळापर्यंत पोहोचतं आणि बाळाला ते पचवता येत नाही. शेवटच्या महिन्यांत आईच्या शरीरातही ते फार रेंगाळतं. निम्मं जायला पंधरा तासांपर्यंत लागू शकतात. घरच्या कपाने दोन-तीन चहा, यापुढे जाऊ नका. कॉफी घेतलीत तर चहा कमी करा.

पाळी जाण्याच्या वयात

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १,८०० हून जास्त महिलांच्या उत्तरांवरून २०१४ मध्ये असं मांडलं की पाळी गेलेल्या आणि कॅफीन घेणाऱ्या महिलांना अंगातून गरम वाफा येण्याचा त्रास जास्त जाणवतो. कारण कॅफीनच, हे त्यातून सिद्ध होत नाही. दोन आठवडे दुपारनंतरचा चहा सोडून फरक पडतो का ते पाहणं एवढाच त्याचा उपयोग. वैशाखात आपल्याकडे वाफा हॉर्मोनच्या की उन्हाच्या हे ओळखणंही कठीणच.

जेवण, लोहाच्या गोळ्या आणि चहा

थायरॉईड कमी असेल किंवा पीसीओएसमुळे पाळी अनियमित असेल, तर अनेकींना रक्तस्राव जास्त होतो आणि शरीरातलं लोह कमी होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. चहातलं टॅनिन जेवणातल्या लोहाला बांधून ठेवतं, म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा नको, असं राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळीही चहासोबत नको. पाण्याबरोबर घ्या, सोबत लिंबू-सरबत असेल तर उत्तम. चहा-पोळीची न्याहारी लोहाच्या दृष्टीने वाईट जोडी आहे, जिभेच्या दृष्टीने काहीही असो.

कमी करायचं असेल तर

एकदम तोडू नका. रोजचं कॅफीन अचानक थांबलं की बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं, मरगळ येते, चिडचिड होते आणि हे आठवडाभर चालू शकतं. हरतालिकेच्या निर्जळी उपवासात दुपारनंतर डोकं ठणकतं, त्यात उपाशी पोटाबरोबर सकाळी चुकलेल्या चहाचाही वाटा असू शकतो. तीन-चार दिवसांनी एक कप, असं उतरवा.

मोजताना चहाबाहेरचं कॅफीनही धरा. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत ते असतं, वेष्टनावर लिहिलेलं असतं. एनर्जी ड्रिंकमध्ये लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीनची परवानगी आहे, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत ७५ मिलिग्रॅमपर्यंत, टपरीच्या दोन-तीन कडक चहांएवढं. मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांच्यासाठी ते योग्य नाही, अशी सूचना त्यावर छापणं बंधनकारक आहे. जुलै २०२४ मध्ये तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळांच्या ५०० मीटर परिसरात जास्त कॅफीनच्या पेयांची विक्री बंद करण्याची घोषणा विधान परिषदेत केली होती. छापलेली सूचना बारीक अक्षरात असते. पाळी सुरू झालेल्या, पीसीओएसचं निदान झालेल्या मुलीच्या हातात ती बाटली दिसली, तर चहाच्या आधी तिच्याबद्दल बोला.